अकरा वार मांजरपाट

सिस्टर व्हितालिनानं कपाट उघडलं
तसा डांबरगोळ्यांचा वास आधी बाहेर आला,
मग ती म्हणाली, "बघा की हो, एवढंच आहे आमचं."
एवढंच म्हणजे साडेतीन फळ्या.
चौथीची अर्धी वाळवीनं वाचून संपवलेली.

मला मोडी वाचायला बोलावलं होतं,
रोजाचे सहाशे आणि दुपारचं जेवण.
खानापूर स्टँडवरून वडापनं नंदगड,
तिथून कॉन्व्हेंटची चढण पायी.

वरच्या फळीवर मदर सुपीरियरांची दैनंदिनी.
फ्रेंच, जांभळी शाई,
ओळ ओळंब्यात धरल्यासारखी.
सिस्टर बोट ठेवून अर्थ सांगत गेली:
"अठराशे अठ्ठ्याण्णव, ऑक्टोबर बारा. शांत आठवडा.
सर्व प्रार्थना वेळेवर. बिशपांचं पत्र."
पान उलटलं. "शांत."
पान उलटलं. "शांत. कौलं बदलली."

खालच्या फळीवर माझं काम.
लांबट वही, सुतळीनं शिवलेली, कडेला हळद,
स्वयंपाकघराचा खर्च.
लिहिणारीनं हात न उचलता लिहिलंय,
चुलीपुढून न उठता एखादी सगळं उरकते, तसं.

मीठ अडीच शेर. जोंधळे तीन पायली.
बारा तारीख: कापूर, नेहमीच्या चौपट.
तेरा: चुनकळी एक पोतं.
चौदा: मांजरपाट, अकरा वार.
सोळा: जोंधळे दोन पायली.

मी थांबले.
"अकरा वारांत काय होतं, सिस्टर?"
ती ओठांत मोजत राहिली. मोजते ती कानडीत.
"झगे नव्हेत. झग्याचं कापड वेगळं यायचं."
मग बऱ्याच वेळानं,
"मोठ्या बाईला पाच लागतात.
लहान पोरीला दोन."

पाच आणि तीन दुणे सहा.

आमच्याकडं "पण" म्हणायचं असलं की "खरं" म्हणतात.
येतो म्हणाला, खरं आला नाही.
पुण्याची वहिनी याला हसते.
वरच्या फळीवर शांत आठवडा,
खरं
खालच्या फळीवर अकरा वार.

मदरवर मी चिडले होते, जेवेपर्यंत.
भाकरी मोडताना सिस्टर म्हणाली,
"प्लेगचे साहेब कौलं उतरवायचे,
आत ऊन पडावं म्हणून. आमच्या जुन्या सिस्टर सांगायच्या."
म्हणजे तिनंही लिहिलं होतं,
दोन शब्दांत, छपराकडं बघून.

उतरवलेली कौलं फुटतात, परत बसत नाहीत.
वहीत आहे: वीस तारीख, कौलं अडीचशे,
दादाकडून. पैसे घेतले नाहीत.

कोण दादा?
मृतांच्या वहीत एकच ओळ सापडली:
मार्था, देशी, स्वयंपाकीण, आज्ञाधारक.
जन्म कोरा. गाव कोरं.
खर्चाच्या शेवटच्या पानावर मात्र
कुणीतरी फ्रेंच अक्षरांत हे नाव गिरवलंय,
सात वेळा, दर वेळी जरा कमी वाकडं,
आणि खाली, हात न उचलता:
साळू, कुंभाराची.

मुख्य घराकडून छापील तक्ता आलाय.
दस्तऐवजाची भाषा. पानं. महत्त्व.
वहीच्या वेष्टनावर शिक्क्यांवर शिक्के,
मुंबई इलाखा, म्हैसूर राज्य, कर्नाटक.
वही आहे तिथंच आहे, शिक्के येऊन गेले.
महत्त्वाच्या चौकटीत सिस्टरनं
मागंच पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: किरकोळ.
तिनं खोडरबर शोधला. मिळाला नाही.
मग बोटानंच घासत बसली,
कागद मळला.

निघताना विचारलं, पावसाळ्यात गळतं का हो?
"चॅपेल गळतं. मदरची खोली गळते.
वरांड्यात तर बादल्या ठेवतो."

आणि स्वयंपाकघर?

ती दारातच थांबली, वर बघितलं.
"तिथं नाही की," म्हणाली.